डाव्या चाकाचा कॅलिपर आणि चोपन्नचे रबर

मित्रांनो, मी एक जुना ब्रेक कॅलिपर आहे. नाव ऐकून बिचकू नका. गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाच्या आत मी बसतो. चाकाबरोबर लोखंडाची एक चकती फिरत असते. तुम्ही ब्रेक दाबला की मी ती चकती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतो आणि गाडी थांबते. एवढेच माझे काम. उजव्या चाकात माझा जुळा भाऊ बसतो. आमची गाठभेट कधी होत नाही, पण पेडलवर पाय पडला की दोघांनाही एकाच क्षणी कळते.

गाडी पळाली की लोक इंजिनाचे कौतुक करतात. हॉर्न नुसता ओरडतो, तरी त्याला सगळे ओळखतात. माझ्या वाट्याला चिखल, धूळ आणि अधूनमधून शिव्या. त्यासुद्धा मी काम केले नाही तरच. असो. मी रडगाणे गायला बसलेलो नाही. मला आज तीन माणसांचे आणि रबराच्या एका लहानशा कडीचे कौतुक करायचे आहे.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले आणि मी झालो. माझ्या पाठीवर साच्यातूनच काही आकडे उमटून आले. ते आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. मग एका कारागिराने माझ्या पोटात चोपन्न मिलिमीटरचे गोल भोक पाडले आणि त्या भोकाच्या भिंतीत एक बारीक खाच कोरली. भोकात पिस्टन बसला. पिस्टन म्हणजे लोखंडाचा दट्ट्या. आणि खाचेत बसली ती रबराची कडी. गॅरेजात तिला सील म्हणतात.

या कडीविषयी मला जरा बोलू द्या. ब्रेक दाबला की तेलाच्या जोराने पिस्टन पुढे सरकतो. कडी त्याला घट्ट धरून असते, म्हणून तीही त्याच्याबरोबर किंचित पिळली जाते. पाय उचलला की ती परत सरळ होते आणि पिस्टनला केसभर मागे घेऊन येते. त्या केसभर अंतरामुळे चाक मोकळे फिरते. मागे ओढायला आत स्प्रिंग नाही की दुसरे काही नाही. तेल बाहेर सांडू द्यायचे नाही आणि पिस्टनला माघारी आणायचे, अशी दोन्ही कामे ही एकटी कडी करते. मूर्ती लहान पण कीर्ती महान म्हणतात ना, ती ही.

माझी पहिली नोकरी एका व्हॅनवर होती. खिडक्यांच्या काचा वाहणारी व्हॅन. तिचा चालक इतका जपून ब्रेक दाबायचा की मागे काच नुसती कुरकुरली तरी त्याला वाईट वाटायचे. बारा वर्षांनी व्हॅन गंजली आणि तिचे सुटे भाग झाले. तेव्हा गाडी शिकवण्याचे वर्ग चालवणाऱ्या एका गृहस्थांनी आम्हा दोघा भावांना उचलले आणि आपल्या शिकवणीच्या गाडीला बसवले. शिकाऊ लोकांना ब्रेक दमदार हवा, असे त्यांचे म्हणणे. व्हॅन आणि ही गाडी एकाच कारखान्याच्या, त्यामुळे बोल्ट जुळले, चकतीला घासणारे ब्रेकचे पॅडही तेच लागले. गृहस्थ हाताने हुशार, पण लिहून ठेवायचा भारी कंटाळा. व्हॅनचे कॅलिपर या गाडीला बसवले आहेत, हे त्यांनी कुणालाही सांगितले नाही. पुढे ते वारले आणि वर्ग त्यांच्या लेकीकडे आले.

या लेकीला सगळे ब्रेकवाल्या बाई म्हणतात. शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी ब्रेकचे दुसरे पेडल असते. बाईंचा पाय गेली वीस वर्षे त्या पेडलवर अधांतरी आहे. गाडीत त्यांनी एक स्टीलचा पेला ठेवला आहे. शिकवणीच्या शेवटी तो काठोकाठ भरून समोर ठेवायचा आणि शिकणाऱ्याने उतारावर गाडी थांबवायची. पाणी सांडले तर पुन्हा पहिल्यापासून. "गाडी पळवता कुणालाही येते. थांबवता आली की माझ्याकडे पेढे मागायला या," असे त्या म्हणतात. पेढे अजून कुणाला मिळाल्याचे मला आठवत नाही.

हजारो पाय मी पाहिले. कुणी मला झुरळ चिरडावे तसे दाबले, कुणी इतके हळू की गाडी समोरच्या कट्ट्याला टेकली. पण शिवणकाकूंचा पाय मी विसरणार नाही.

काकूंचे वय अठ्ठावन्न. घरी शिवणयंत्रावर कपडे शिवतात आणि मोजपट्टी गळ्यात घालूनच गाडीत बसतात. त्यांचे यजमान पूर्वी स्वतः गाडी चालवायचे. साखरेच्या आजाराने आधी त्यांचे डोळे गेले, मग मूत्रपिंडे थकली. आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घ्यायला त्यांना टेकडीपलीकडच्या दवाखान्यात जावे लागते. शेजारी आपल्या गाडीतून नेऊन सोडायचे, पण ते महिनाअखेरीस दुसऱ्या गावी राहायला जाणार होते. तिकडे बस जात नव्हती. काकूंना परवाना मिळाला नाही तर काकांना दवाखान्यात नेणार कोण, हा प्रश्न होता. परवान्याची परीक्षा वीस तारखेला होती. आधी त्या दोनदा नापास झाल्या होत्या आणि ही तिसऱ्या खेपेची तारीख हुकली तर पुन्हा लवकर मिळणार नव्हती. पास झाल्यावर दवाखान्याच्या दिवशी सकाळी ही गाडी काकूंनी न्यावी, असे बाईंनी आधीच सांगून ठेवले होते.

आणि नेमका तेव्हाच मी दगा दिला.

आठ तारखेला टेकडीच्या उतारावरून येताना काकूंनी नाक वर केले. म्हणाल्या, "बाई, इस्त्री कापडावर विसरल्यासारखा वास येतोय."

बाईंनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि चाकाजवळ हात नेला. चटका बसला. मी चकती सोडतच नव्हतो. सोडायची माझी मनापासून इच्छा होती, पण आतली कडी फुगली होती आणि पिस्टनला मागे घेईना. उजवीकडच्या भावाचीही तीच गत. महिन्यापूर्वी तेल कमी झाले म्हणून गॅरेजात वरून थोडे ओतले होते, तेव्हापासून ही फुगण्याची सुरुवात होती. का, ते मलाही समजत नव्हते. मला फार लाज वाटली, मित्रांनो. ज्याने थांबवायचे त्यानेच घात करायचा म्हणजे काय?

"ब्रेक नीट नाही तोवर शिकवणी नाही," बाई म्हणाल्या. काकूंनी मान हलवली, पण गळ्यातली मोजपट्टी त्या घरी पोचेपर्यंत बोटांभोवती गुंडाळत राहिल्या.

गाडी मिलिमीटर मिस्त्रींच्या गॅरेजात गेली. त्यांचे खरे नाव मला ठाऊक नाही. चहात साखरसुद्धा मोजून घालणारा माणूस, म्हणून हे नाव. त्यांनी आम्हाला सोडवून टेबलावर ठेवले, पिस्टन काढले आणि कड्या बाहेर घेतल्या.

"नवा कॅलिपर मिळायचा नाही, हा प्रकार बंद झालाय," मिस्त्री म्हणाले. "पण अंग धडधाकट आहे. रबर मिळालं तर अजून वीस वर्षं मरण नाही याला."

हे ऐकून मला किती बरे वाटले, काय सांगू! अंग धडधाकट! इतक्या वर्षांत माझ्याविषयी कुणी असे बोलले नव्हते.

मग रबराचा शोध सुरू झाला. मिस्त्रींनी यादीत गाडीचे नाव आणि साल पाहिले आणि त्याप्रमाणे सील मागवले. बारा तारखेला पुडके आले. कडी खाचेत ठेवली तर ती मध्येच तरंगायला लागली, इतकी लहान. "पाठवणाऱ्याला डोळे नाहीत," मिस्त्री करवादले. मी आत ओरडत होतो, अहो, मी या गाडीचा नाहीच, मी व्हॅनचा आहे! पण लोखंडाला तोंड कुठले?

मग त्यांनी जुनी कडी उचलली, मापयंत्रात धरली, सगळी मापे कागदावर उतरवली आणि दुसरीकडून त्या मापाची मागवली. ती पंधरा तारखेला आली. ती खाचेत मावेचना. एका बाजूने दाबली की दुसऱ्या बाजूने वर उठायची. मिस्त्रींनी ती चार वेळा बसवली आणि चार वेळा काढली. परीक्षेला पाच दिवस उरले होते. वीस वर्षांत त्यांचे माप चुकले नव्हते आणि आता लागोपाठ दोनदा चुकले. त्यांनी चहात साखर न मोजता टाकली, तेव्हा मला त्यांची खरी काळजी वाटली.

त्याच वेळी काकू चौकशीला आल्या. बाईही सोबत होत्या. मिस्त्री जुनी कडी पुन्हा मापयंत्रात धरून बसले होते. काकू जरा वेळ बघत राहिल्या.

"मिस्त्री, एक विचारू का? रागावणार नाही ना?"

"विचारा."

"तुम्ही जुन्या कपड्यावरून माप घेताय होय?"

"म्हणजे?"

"माझ्याकडे बायका जुना कपडा घेऊन येतात आणि म्हणतात, अगदी अस्साच शिवा. जुना कपडा धुऊन धुऊन कुठे सैल झालेला, कुठे आटलेला. त्यावरून शिवलं की हमखास बिघडतं. मी म्हणते, बाई गं, तू स्वतः ये. माप अंगावरून घ्यायचं असतं."

मिस्त्रींचा चेहरा लाल झाला. शिवणकाम करणाऱ्या बाईने आपल्याला माप शिकवावे, हे त्यांना झोंबले असणार.  तरी त्यांनी जुनी कडी बाजूला ठेवली आणि पिस्टन उचलला.

"चोपन्न," ते पुटपुटले. "या गाडीला अठ्ठेचाळीस असतो. हा चोपन्न कसा?"

त्यांनी माझ्या खाचेची रुंदी मोजली, खोली मोजली. मग तारेचा ब्रश घेऊन माझी पाठ खसाखसा घासली. वर्षानुवर्षांची माती उडाली आणि माझे जन्मापासूनचे आकडे उघडे पडले. मिस्त्रींनी ते मोठ्याने वाचले आणि डोक्याला हात लावला.

"बाई, हे तुमच्या गाडीचे नाहीतच. हे व्हॅनचे आहेत! तुमच्या वडिलांनी बसवलेत."

"बाबांनी?" बाईंनी मला हातात घेतले. मी तेलकट होतो, तरी घेतले. "एक शब्द बोलले नाहीत कधी."

सगळे हसले. मिस्त्री मात्र हसता हसता थांबले. समोर आता दोन मापे होती. खाच लहान आणि तिच्यातून निघालेली जुनी कडी मोठी. म्हणजे कडी फुगली होती. रबर उगाच फुगत नाही, भलते तेल लागले की फुगते. ते उठले आणि फडताळावरचा ब्रेकच्या तेलाचा डबा घेऊन आले. वाटीभर पाण्यात त्यातले दोन थेंब टाकले. ब्रेकचे तेल पाण्यात मिसळून जाते. हे थेंब वर तरंगत राहिले.

 मिस्त्री गप्प बसले असते तर कुणाला काहीही कळले नसते. काकूंना नाही, बाईंना नाही. रबर जुने होते म्हणून फुगले, इतके म्हटले असते तरी निभावले असते.

"बाई, चूक माझी आहे," ते म्हणाले. "हा डबा रिकामा झाला होता. मी त्यात इंजिनचं तेल भरून ठेवलं आणि वरचं नाव खोडायचं राहिलं. मागच्या महिन्यात तेच तुमच्या ब्रेकमध्ये ओतलं. मी, मापाचा एवढा मिजासखोर माणूस!"

 बाईंचा अधांतरी राहणारा पाय मला तेव्हा जमिनीवर घट्ट रोवलेला दिसला.

"उतारावर काकू होत्या, मिस्त्री."

"तेच मनात आलं. म्हणून सांगून टाकलं."

"बरं झालं सांगितलंत," काकू मध्येच म्हणाल्या. "मीही एकदा एकीचं कापड दुसरीला कापलंय. आता रबराचं बघा, वीस तारीख काही थांबायची नाही."

इतके दिवस मी मिस्त्रींच्या मापाचे कौतुक करत होतो. त्या दिवसापासून मी त्या माणसाचे कौतुक करतो.

आता गंमत ऐका. मिस्त्रींनी व्हॅनचे नाव आणि चोपन्नचे माप सांगून फोन फिरवला, तर तीन गल्ल्या पलीकडचा दुकानदार म्हणाला, "चोपन्न ना? मालाच्या गाड्यांना तेच लागतं. किती देऊ?" दोन पुडक्यांसाठी दूरदूरच्या शहरांत चौकशा झाल्या आणि माल मात्र तीन गल्ल्यांवर! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

दुकानदाराने आधी एक धुळकट पाकीट काढले. मिस्त्रींनी कडी बोटावर वाकवली, तिला बारीक चिरा दिसल्या, ती परत केली. "न वापरलेलं रबरसुद्धा म्हातारं होतं," असे म्हणून त्यांनी ताज्या तारखेचे पाकीट मागून घेतले. पेडल दाबले की तेल ढकलणाऱ्या मुख्य सिलिंडरची, मागच्या चाकांची रबरे आणि तेलाच्या नळ्या या गाडीच्याच नावाने मिळाल्या. भलते तेल जिथे जिथे पोचले होते ते सगळे त्यांनी बदलायला घेतले. मजुरीचा विषय बाईंनी काढला तेव्हा त्यांनी ऐकू न आल्यासारखे केले.

सतरा तारखेला मला माझे तारुण्य परत मिळाले. मिस्त्रींनी माझी खाच लाकडी काडीने साफ केली, लोखंडी सुईने ओरखडा पडेल म्हणून. पिस्टन बारीक कागदाने घासून आरशासारखा केला. कडी नव्या ब्रेक तेलात बुडवली आणि नुसत्या बोटांनी खाचेत बसवली. ती बसली ती अशी, की आपलेच घर असावे. मग दोन्ही अंगठ्यांनी पिस्टन आत दाबला. तो सरळ, सावकाश आत गेला. बाहेरून धूळ अडवणारी टोपीही चढली.

नळ्यांतली हवा काढायला कुणीतरी पेडलवर बसायला हवे होते. काकू बसल्या.

"दाबा," मिस्त्री चाकाजवळून म्हणायचे. "धरून ठेवा... हं, सोडा."

"दाबलं... धरलं... सोडलं," काकू प्रत्येक वेळी सांगायच्या. त्यांचा पाय थेट माझ्यापर्यंत पोचत होता. ठाम, पण घाई नसलेला. चाळीस वर्षे शिवणयंत्राचे पायडल चालवलेला पाय तो. टाक्यागणिक कुठे थांबायचे हे त्याला आधीच ठाऊक होते, फक्त भीती तेवढी आड येत होती. दोन दिवस त्यांनी उतारावर सराव केला. पहिल्या दिवशी पेल्यातले पाणी सांडले, दुसऱ्या दिवशीही थोडे सांडले. वीस तारखेला परीक्षकासमोर त्यांनी गाडी कशी थांबवली ते मी सांगत नाही, नाहीतर म्हणाल स्वतःची टिमकी वाजवतो. परवाना मिळाला, इतकेच सांगतो.

पुढच्या महिन्याच्या पहिल्याच सोमवारी सकाळी काका पहिल्यांदा बायकोच्या शेजारी गाडीत बसले. बाई मागे बसल्या. त्यांच्या पायाशी पेडल नव्हते. त्यांच्या पायाला काय वाटले असेल ते मी समजू शकतो.

"हिच्या हाताखाली सुई नीट चालते, हे मान्य," काका म्हणाले. "पण गाडी म्हणजे काही झबलं-टोपडं नाही."

"गप्प बसा हो," काकू म्हणाल्या.

"तो तुमचा पेला कुठंय? भरून द्या माझ्या हातात. मला दिसत नाही, पण सांडलं तर बोटांना कळेल."

बाईंनी पेला काठोकाठ भरून त्यांच्या हातात दिला. गाडी निघाली. टेकडी चढली, उतरली. उतारावर काकूंनी मला चार वेळा हाक मारली आणि चारही वेळा मी चकती धरली आणि सोडली. माझी कडी पिळायची आणि सरळ व्हायची. वळणावर एक सायकलवाला आडवा आला, तेव्हाही त्यांचा पाय घाबरला नाही. मग रस्ता सपाट झाला. काकूंनी पाय हळूहळू दाबत आणला, अगदी शेवटच्या क्षणी किंचित हलका केला. आम्ही दोघा भावांनी तितक्याच हलक्या हाताने धरले. इंजिन चालूच होते.

काका पेला धरून तसेच बसून राहिले. जरा वेळाने म्हणाले, "काय गं, अजून किती लांब आहे?"

 मागून बाईंनी सांगितले, "काका, दवाखान्याच्या दारात उभे आहोत आपण."

काकांनी पेल्याच्या काठावरून बोट फिरवले. मग पेल्याखालून. मग आपल्या गुडघ्यावरून. सगळे कोरडे होते. त्यांनी ते पाणी एका दमात पिऊन टाकले, तोंड पुसले आणि म्हणाले, "परत जातानाही तूच चालव."

मित्रांनो, मला आयुष्यात मिळालेली ही सर्वांत मोठी शाबासकी. नाव माझे घेतले नव्हते, तरी ती मी ठेवून घेतली आहे. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याकडे गाडी येईल. तिचे तेल वेळेवर बदला, डब्यात जे भराल त्याचेच नाव डब्यावर लिहा, आणि एखादी जुनी वस्तू मोडीत काढण्याआधी तिची पाठ घासून तिच्यावर काय लिहिले आहे ते वाचा. चूक झाली तर मिस्त्रींसारखी बोलून दाखवा. आणि कधी तुमची गाडी कळू न देता अलगद थांबली, तर उतरताना पुढच्या डाव्या चाकाकडे एकदा प्रेमाने बघा. हात मात्र लावू नका, तेव्हा मी तापलेला असतो.